रक्ताची गुठळी आणि कातडीचा रंग

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



साहित्याच्या व्यासपीठावर रक्ताच्या गुठळ्यांची आणि साथीच्या रोगांची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात उभा राहिला तर तो गैर म्हणता येणार नाही. परंतु ज्या पिढीने शंभर वर्षांपूर्वी या ग्रंथालयाची पायाभरणी केली, तिने १९१८ चा इन्फ्लुएंझा डोळ्यांनी पाहिला होता; आणि जी पिढी आज शताब्दी साजरी करीत आहे, तिने २०२० व २०२१ ही दोन वर्षे पाहिली आहेत. या दोन्ही साथींत मृत्यूने सर्वांना सारख्या न्यायाने वागविले नाही. मरणापुढे राजा आणि रंक समान, हे वचन कीर्तनात शोभते. मृत्यूच्या नोंदवहीत ते टिकत नाही.

कोविडच्या साथीत रक्त गोठण्याचा एक विलक्षण धोका वैद्यांच्या ध्यानात आला. त्याच साथीत अमेरिकेतील कृष्णवर्णीय आणि ब्रिटनमधील दक्षिण आशियाई लोक गोऱ्यांहून अधिक संख्येने मरण पावले. या दोन घटनांची सांगड घालून, त्यांच्या रक्तातच काही दोष असला पाहिजे, असे म्हणणारे लोक तेव्हाही होते आणि आजही आहेत. हे म्हणणे कितपत खरे, याचा शोध घेणे हा आजचा विषय आहे.

‘गुठळी’ हा शब्द मराठी माणसाला दवाखान्यापूर्वी स्वयंपाकघरात भेटतो. पिठले ढवळण्यात हयगय झाली की गुठळ्या होतात. रक्ताचेही काहीसे तसेच आहे. पण रक्ताची जबाबदारी पिठल्याहून अवघड. वाहिनीत असताना त्याने अखंड पातळ राहावयाचे, आणि वाहिनीला छेद गेला की थोड्या मिनिटांत घट्ट व्हावयाचे. बोट कापले असता रक्तातील प्लेटलेट नावाच्या अतिसूक्ष्म चकत्या जखमेशी धाव घेतात, एकमेकींना चिकटतात आणि तात्पुरता बांध घालतात. त्यामागोमाग रक्तातील प्रथिने एकामागून एक जागी होऊन फायब्रिनचे तंतू विणतात, आणि त्या जाळ्यात बांध पक्का होतो. जखम भरली की हेच जाळे विरघळविणारी यंत्रणा कामास लागते. गोठणे आणि विरघळणे यांचा हा तोल ढळला, की जखम नसतानाही वाहिनीच्या आत गुठळी होते.

हा तोल कशाने ढळतो, याचा पाया जर्मन वैद्य रुडॉल्फ विर्खो याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास घातला. फुप्फुसाच्या रोहिणीत सापडणारी गुठळी तेथेच तयार झालेली असते, अशी तेव्हाची समजूत. विर्खोने कुत्र्यांच्या मानेतील शिरेत रबराचे तुकडे सोडले आणि ते पुढे फुप्फुसात अडकलेले दाखवून दिले. पायाच्या शिरेत झालेली गुठळी सुटते, प्रवाहाबरोबर हृदयात येते आणि तेथून फुप्फुसात जाऊन अडकते, हे त्यावरून सिद्ध झाले. ‘थ्रोंबोसिस’ आणि ‘एम्बोलिझम’ हे आज सर्व जगात रूढ असलेले शब्द त्याचेच. प्रवाह मंदावणे, वाहिनीचे अस्तर दुखावणे आणि रक्ताची घडण बदलणे, ही गुठळीची तीन कारणे पुढे त्याच्या नावानेच ओळखली जाऊ लागली. विर्खोचे नाव येथे मुद्दाम घेतले आहे. या गृहस्थाची गाठ पुढे आणखी दोन वेळा पडणार आहे, आणि ती गुठळीच्या निमित्ताने नव्हे.

कोविडच्या विषाणूने ही तिन्ही कारणे एकाच वेळी निर्माण केली. तापाने आणि धापेने अंथरुणास खिळलेल्या रुग्णाच्या पायांतील प्रवाह मंदावतो. विषाणूमुळे आणि त्याविरुद्ध उसळलेल्या दाहामुळे वाहिन्यांचे अस्तर दुखावते. आणि त्या दाहातच गोठविणारी प्रथिने वाढतात. नेदरलँड्समधील वैद्यांनी एप्रिल २०२० मध्ये अतिदक्षता विभागातील १८४ कोविड रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ३१ टक्के रुग्णांत गुठळ्यांचे उपद्रव आढळले, आणि त्यांत फुप्फुसात अडकलेल्या गुठळ्यांचे प्रमाण सर्वांत मोठे होते. त्याच वर्षी शवविच्छेदनात मिळालेल्या फुप्फुसांची तुलना झाली. इन्फ्लुएंझाने मृत्यू पावलेल्यांच्या फुप्फुसांपेक्षा कोविडने मृत्यू पावलेल्यांच्या फुप्फुसांतील केशवाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्या नऊ पटींनी अधिक होत्या. सात आणि सात अशी ही तुलना, म्हणजे संख्या लहान; पण अंतर एवढे मोठे की त्याकडे डोळेझाक करणे शक्य नव्हते. फुप्फुसात हवा पोहोचते, पण तिच्यातील प्राणवायू उचलून नेणारा रक्ताचा रस्ताच बंद, अशी ही अवस्था.

यावर औषध नवे नव्हते. १९१६ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या प्रयोगांतून रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याचा सुगावा लागला. पुढे त्याला यकृतावरून ‘हेपारिन’ असे ग्रीक नाव मिळाले. कोविडमध्ये ते किती द्यावे आणि कधी द्यावे, याविषयी मतभेद होते. ऑगस्ट २०२१ मध्ये अनेक देशांतील रुग्णालयांच्या एकत्रित चाचण्यांचे निष्कर्ष आले, आणि ते मोठे सूचक होते. रुग्णालयात दाखल झालेल्या पण अद्याप अत्यवस्थ न झालेल्या रुग्णांना हेपारिनची पूर्ण मात्रा दिली, तर कृत्रिम श्वासोच्छ्वासासारख्या आधारावाचून तरून जाणाऱ्यांचे प्रमाण सुमारे चार टक्क्यांनी वाढत होते. तेच औषध त्याच मात्रेत अत्यवस्थ रुग्णांना दिले, तर लाभ होत नव्हता. औषध एकच, विषाणू एकच, फरक फक्त वेळेचा. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

आता मृत्यूच्या आकड्यांकडे वळू. एप्रिल २०२० च्या सुमारास शिकागो शहरात कोविडने मेलेल्यांपैकी जवळजवळ ७० टक्के लोक कृष्णवर्णीय होते. शहराच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण सुमारे ३० टक्के. लुइझियाना राज्यात लोकसंख्येत ३२ टक्के आणि मृतांत ७० टक्के. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने जून २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात वय, लिंग, प्रदेश आणि वस्तीचे दारिद्र्य जमेस धरूनही बांगलादेशी वंशाच्या लोकांना गोऱ्या ब्रिटिशांच्या सुमारे दुप्पट मृत्यूचा धोका असल्याचे नमूद होते. भारतीय, पाकिस्तानी, चिनी, कॅरिबियन अशा इतर समूहांचा धोका १० ते ५० टक्क्यांनी अधिक होता.

रक्तातील भेदाची शंका केवळ द्वेषापोटी निघाली, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. डब्लिन येथील वैद्यांनी २०२० च्या वसंत ऋतूत आपल्या ८३ रुग्णांचा अभ्यास मांडताना एक रास्त प्रश्न उपस्थित केला होता. शिरांतील गुठळ्यांचा आजार चिनी लोकांत गोऱ्यांच्या मानाने तीन ते चार पट कमी, आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांत गोऱ्यांहून काहीसा अधिक, हे कोविडपूर्वीच ठाऊक होते. मग वूहानहून आलेले गुठळ्यांविषयीचे अनुमान आयर्लंडच्या रुग्णाला जसेच्या तसे लागू करावे काय? प्रश्न शास्त्रीय होता. घोटाळा झाला तो वृत्तपत्रांच्या मथळ्यांत आणि लोकांच्या बोलण्यात. ‘एका समूहात अधिक आढळते’ याचे ‘त्या समूहाच्या रक्तातच आहे’ असे रूपांतर व्हायला वेळ लागला नाही.

येथे ‘वंश’ या शब्दाशी थोडे थांबले पाहिजे. मराठीत वंश म्हणजे कुळाची परंपरा, रघुवंश, यदुवंश. मूळ संस्कृत अर्थ बांबू. पेरामागून पेर वाढत जावे तशी पिढीमागून पिढी. इंग्रजीतील ‘रेस’ या शब्दाला आपल्याकडे प्रतिशब्द हवा म्हणून हाच वंश कामास लावण्यात आला, आणि त्यामुळे एक फसवणूक झाली. वंश म्हटले की रक्ताचे नाते ध्वनित होते. परंतु अमेरिकेच्या जनगणनेतील ‘ब्लॅक’ हा रकाना रक्ताची तपासणी करून भरला जात नाही. माणूस स्वतःला काय समजतो आणि समाज त्याला काय समजतो, यावरून तो भरला जातो. नायजेरियातून काल आलेला डॉक्टर आणि दोन-अडीच शतके गोऱ्यांचे रक्त मिसळत आलेल्या गुलामांचा वारस, दोघेही त्याच रकान्यात.

विर्खोची दुसरी गाठ येथे पडते. जर्मनीत ‘शुद्ध’ वंशाचा अभिमान वाढीस लागला होता, त्या काळात त्याने सुमारे ६७ लाख शाळकरी मुलांच्या केसांची, डोळ्यांची आणि कातडीच्या रंगाची पाहणी करविली. तिचे संपूर्ण निष्कर्ष १८८६ मध्ये प्रसिद्ध झाले. सोनेरी केस, निळे डोळे आणि गोरी कातडी हे लक्षण जर्मन म्हणविणाऱ्या सर्व मुलांत नव्हतेच. निम्म्याहून कितीतरी कमी मुलांत ते होते, आणि ज्यू मुलांतही ते आढळत होते. शुद्ध वंशाचा पुरावा शोधायला निघालेल्यांच्या हाती मिश्रणाचा पुरावा पडला. पुढे त्या देशाने त्याचे काय केले, हे सर्वज्ञात आहे.

तरीही आनुवंशिक कारणे नाकारण्याचे कारण नाही. ती नेमकी पाहावीत एवढेच. रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढविणारा ‘फॅक्टर पाच लायडन’ नावाचा जनुकीय दोष १९९४ मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे ओळखला गेला. तो अमेरिकेतील गोऱ्यांपैकी सुमारे पाच टक्के लोकांत असतो, आणि कृष्णवर्णीयांपैकी सुमारे एक टक्का लोकांत. म्हणजे गुठळीच्या सर्वांत परिचित आनुवंशिक कारणाचा भार गोऱ्यांवर अधिक! उलट बाजूने, सिकलसेलचा जनुक एका बाजूने आलेला असला तरी फुप्फुसात गुठळी अडकण्याचा धोका वाढतो, आणि तो अमेरिकेतील कृष्णवर्णीयांत अधिक आहे. परंतु सिकलसेल हा तरी कृष्णवर्णाचा रोग कोठे आहे? तो मलेरियाच्या प्रदेशांचा सोबती आहे. भूमध्य समुद्राचा किनारा, अरबस्तान, ओडिशा, मध्य प्रदेश, आणि महाराष्ट्रात विदर्भ व नंदुरबार, येथे तो आहेच. नागपूरच्या आणि गडचिरोलीच्या वैद्यांना त्यासाठी आफ्रिकेचे पुस्तक उघडावे लागत नाही.

याहून मनोरंजक शोध २०२० मध्ये स्वान्ते पेबो आणि ह्यूगो झेबेर्ग यांनी लावला. कोविड गंभीर होण्याशी संबंधित असा एक जनुकीय तुकडा आधुनिक मानवाला निअँडरथल मानवाकडून मिळालेला आहे. दक्षिण आशियात सुमारे निम्म्या लोकांत तो आहे, युरोपात सुमारे १६ टक्के लोकांत, बांगलादेशात ६३ टक्के लोकांत. बांगलादेशी लोकांच्या दुप्पट मृत्यूंमागे याचा काही हात असू शकेल, असे मानायला जागा आहे. पण आफ्रिकेत तो तुकडा जवळजवळ नाहीच. मग शिकागोच्या ७० टक्क्यांचे उत्तर त्यात कसे सापडणार?

आणखी एक गोष्ट जनुकांच्या बाजूने साक्ष देत नाही. ब्रिटनमधील पहिल्या लाटेत कृष्णवर्णीय समूहांचे जे अधिक मृत्यू होते, ते दुसऱ्या लाटेत पुष्कळ घटले. पाकिस्तानी आणि बांगलादेशी लोकांचे मात्र अधिकच राहिले. सहा-आठ महिन्यांत कोणाचे जनुक बदलत नाहीत. बदलतात त्या कामाच्या वेळा, घराची रचना, घराबाहेर पडण्याची सक्ती आणि मिळालेली माहिती. पहारेकरी, टॅक्सीचालक, बसचालक या पुरुषांच्या व्यवसायांत ब्रिटनमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक होते, आणि या व्यवसायांत कोण असतात हे लंडनच्या रस्त्यावर एक तास उभे राहिले तरी कळते. आजोबा, मुलगा आणि नातू एकाच छपराखाली राहणारे कुटुंब ही दक्षिण आशियाई संस्कृतीची शोभा मानली जाते. त्या वर्षी ती विषाणूची सोय ठरली.

विर्खोची तिसरी गाठ ती हीच, आणि कालक्रमाने पाहता ती दुसरीच्या आधीची. १८४८ च्या फेब्रुवारीत, सव्वीस वर्षांच्या या तरुण वैद्याला प्रशियाच्या सरकारने अप्पर सायलेशिया या प्रांतात टायफसच्या साथीची चौकशी करावयास पाठविले. राज्यकर्ते जर्मन बोलणारे, आणि प्रांतातील गोरगरीब पोलिश बोलणारे. आधी दुष्काळ, मागून साथ. टायफस उवांमुळे पसरतो हे १९०९ पर्यंत कोणास ठाऊक नव्हते, म्हणून रोगाच्या खऱ्या वाहकाचा पत्ता विर्खोला लागणे शक्यच नव्हते. त्याच्या अहवालात तेथील लोकांच्या अस्वच्छतेविषयी आणि लाचारीविषयी तुच्छतेचे शब्दही आहेत. तोही आपल्या काळाचाच मनुष्य होता. परंतु निष्कर्ष काढताना त्याने दोष त्या लोकांच्या रक्तावर ढकलला नाही. त्याने सुचविलेले उपाय वाचून सरकारला धक्काच बसला असेल. औषधांच्या यादीऐवजी त्यात पूर्ण लोकशाही, गरिबांवरील कराचा भार कमी करणे, रस्ते, शेतीची सुधारणा आणि शिक्षण यांची मागणी होती. आणि पोलिश भाषेला राजभाषेचे स्थान द्यावे, असेही होते. साथीच्या अहवालात भाषेचा प्रश्न! ज्या लोकांना सरकारची सूचनाच वाचता येत नाही, त्यांना सरकार रोगापासून वाचविणार कसे, हा त्यामागील साधा विचार. राज्याची भाषा एक आणि घरची दुसरी, अशा प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी समाजाला तो अधिक उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही. तेथून परतल्यावर थोड्याच दिवसांत विर्खो बर्लिनच्या रस्त्यांवरील मोर्चेबंदीत सामील झाला, आणि १८४९ मध्ये त्याला तेथील जागा सोडावी लागली.

गुठळी शोधणारा आणि टायफसचा अहवाल लिहिणारा माणूस एकच, हा केवळ योगायोग मानावा काय? मृत शरीर उघडून कारण शोधण्याची ज्याला सवय, त्याने समाजही तसाच उघडून पाहिला, असे म्हणणे अधिक योग्य वाटते.

सायलेशियाची गोष्ट परकी वाटत असेल तर मुंबईची पाहावी. १९१८ च्या उन्हाळ्यात इन्फ्लुएंझा बोटींनी मुंबईस आला, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसऱ्या लाटेने शहर हादरले. ६ ऑक्टोबर या एका दिवशी ७६८ मृत्यूंची नोंद झाली. मुंबईतील त्या साथीचे समाजवार मृत्युप्रमाण उपलब्ध आहे. दर हजारी युरोपीय ८.३, पारशी ९, भारतीय ख्रिस्ती १८.४, मुसलमान १९.२, हिंदू १८.९, आणि नोंदीत ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले आहे त्यांचे प्रमाण ६१.६. शेवटच्या दोन आकड्यांकडे पाहावे. भाषा एक, हवा एक, धर्म एक, कातडीचा रंगही वेगळा काढता येणार नाही असा. आणि मृत्यू तिपटीहून अधिक. अमेरिकेतील आकडे पाहून जो कोणी वंशाचे कारण पुढे करील, त्याने या दोन आकड्यांचे कारण कोणत्या वंशात शोधावे? कोंदट खोल्या, अपुरे अन्न, शहराची घाण उपसण्याचे काम आणि डॉक्टरचा अभाव, याखेरीज उत्तर मिळत नाही. एकशे दोन वर्षांनंतर, जुलै २०२० मध्ये, मुंबईच्या तीन विभागांत रक्ताचे नमुने तपासले गेले, तेव्हा झोपडपट्टीतील ५७ टक्के लोकांना विषाणूची बाधा होऊन गेलेली दिसली. त्याच विभागांत झोपडपट्टीबाहेर १६ टक्के.

तथापि दारिद्र्याने सर्व उलगडा होतो, असे म्हणून थांबताही येत नाही. ब्रिटनमध्ये कोविडने ज्यांचा बळी घेतला, त्या पहिल्या दहा डॉक्टरांपैकी दहाही जण गौरेतर होते. त्यांना घराची, अन्नाची वा माहितीची ददात नव्हती. म्हणजे पैसा आणि शिक्षण असूनही उरणारे काहीतरी आहे. त्यातील एक भाग रुग्णाकडे पाहणाऱ्या नजरेचा आहे, आणि नजर केवळ माणसालाच असते असे नाही. ती यंत्रालाही असते.

बोटाला लावण्याचा ऑक्सिमीटर २०२१ च्या उन्हाळ्यात घरोघरी पोहोचला. त्याचे तत्त्व जपानमधील ताकुओ आओयागी या अभियंत्याने १९७४ मध्ये मांडले. हा माणूस एप्रिल २०२० मध्ये, आपले यंत्र जगाला सर्वाधिक लागत असतानाच, निवर्तला. यंत्र बोटातून तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश सोडते. प्राणवायू घेतलेले आणि न घेतलेले हीमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषते, त्यावरून टक्केवारी काढली जाते. पण प्रकाशाला रक्तापर्यंत जाताना कातडी ओलांडावी लागते, आणि कातडीतील काळे रंगद्रव्यही प्रकाश शोषते. यंत्राची जुळणी मुख्यतः गोऱ्या माणसांच्या बोटांवर झालेली. सावळ्या बोटावर ते चुकते, आणि चुकते ते नेमके धोक्याच्या बाजूने: प्राणवायू आहे त्याहून अधिक दाखवते.

मिशिगन विद्यापीठातील वैद्यांनी डिसेंबर २०२० मध्ये याचे मोजमाप प्रसिद्ध केले. यंत्र ९२ ते ९६ दाखवीत असताना रोहिणीतील रक्ताची प्रत्यक्ष तपासणी केली, तर गोऱ्यांपैकी ३.६ टक्के वेळा आणि कृष्णवर्णीयांपैकी ११.७ टक्के वेळा खरा आकडा ८८ च्या खाली निघाला. विशेष म्हणजे हा शोध नवा नव्हता. अमेरिकेतील अतिदक्षता विभागांत ही चूक १९९० मध्येच नोंदली गेली होती. तीस वर्षे तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. दक्षिण आशियाई बोटांवरही, कमी प्रमाणात का होईना, ती होते.

आता मघाची हेपारिनची गोष्ट आठवावी. रुग्णालयात दाखल कोणाला करावयाचे, प्राणवायू आणि स्टेरॉइड कोणाला द्यावयाचे, हे त्या काळात बहुतेक ठिकाणी ९४ वा तत्सम एका आकड्यावर ठरत होते. ज्याच्या बोटावर यंत्र ९५ दाखवते आणि रक्तात ८८ असतात, तो घरी पाठविला जातो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात, कृष्णवर्णीय रुग्णांना उपचारांची गरज आहे हे उशिरा ध्यानात आले किंवा आलेच नाही, असे आढळले. आणि हेपारिनची पूर्ण मात्रा उपयोगी पडते ती अत्यवस्थ होण्यापूर्वीच. ऑक्सिमीटरच्या चुकीमुळे नेमके किती जणांचे गुठळ्यांवरचे उपचार हुकले, याचा हिशेब येथे मांडलेला नाही. हे दोन स्वतंत्र अभ्यासांवरून काढलेले अनुमान आहे. पण अनुमान सरळ आहे. कातडीचा रंग रक्ताला गोठवीत नाही. तो उपचाराची घटका लांबवितो, आणि तेवढ्या अवधीत रक्त गोठते.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा २०१३ चा नियम असा होता, की दहा वा अधिक निरोगी माणसांवर यंत्र तपासावे आणि त्यांत किमान दोन जण, किंवा १५ टक्के, गडद वर्णाचे असावेत. जानेवारी २०२५ मध्ये त्या प्रशासनाने नवा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात दीडशे वा अधिक माणसांवर, गोऱ्यापासून अतिगडद वर्णापर्यंतच्या छटा घेऊन, चाचणी सुचविली आहे. औषधांच्या दुकानांत सर्रास विकली जाणारी, वैद्यकीय उपकरण म्हणून तपासली न गेलेली यंत्रे त्याच्या कक्षेबाहेरच आहेत. म्हणून ज्यांच्या कपाटात असे यंत्र पडून आहे त्यांनी एवढे करावे: प्रकृती ठीक असताना आपला नेहमीचा आकडा टिपून ठेवावा, आणि आजारात एकाच आकड्यावर विसंबण्यापेक्षा तो किती उतरत आहे हे पाहावे. आकडा ९५ असूनही दम लागत असेल, तर विश्वास दमावर ठेवावा.

पुस्तकांचीही गोष्ट याहून निराळी नाही, आणि ग्रंथालयात ती सांगितल्याविना राहवत नाही. कोविडमध्ये हातापायांच्या बोटांवर आणि कातडीवर जी लक्षणे उमटत, त्यांची २०२० मध्ये नियतकालिकांत प्रसिद्ध झालेली छायाचित्रे तपासली असता, सर्वांत गडद वर्णाच्या कातडीचे एकही छायाचित्र त्यांत सापडले नाही. त्याच वर्षी लंडनमधील वैद्यकाचा विद्यार्थी मलोन मुकवेंडे याने दोन अध्यापकांच्या साह्याने काळ्या आणि सावळ्या कातडीवर रोगलक्षणे कशी दिसतात याची एक पुस्तिका तयार केली. वर्गात शिकविली जाणारी लक्षणे आपल्यासारख्यांच्या अंगावर कशी दिसतील, याचे उत्तर त्याला क्रमिक पुस्तकांत मिळाले नव्हते.

पायातील गुठळीचे लक्षण बहुतेक पुस्तकांत ‘लाल, सुजलेला पाय’ असे दिलेले असते. सावळ्या पायावर लाली दिसत नाही, किंवा जांभळट-काळसर छटा दिसते आणि ती ऊन वा जुना डाग म्हणून सोडून दिली जाते. म्हणून रंग पाहात बसू नये. दीर्घ आजार, शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा लांबचा प्रवास यांनंतर एकाच पायाची पोटरी दुखू लागली, तर हाताने ऊब पाहावी, दाबून दुखते का पाहावे, आणि शिंप्याची मोजपट्टी घेऊन गुडघ्याखालील हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजावा. तीन सेंटिमीटरहून अधिक फरक भरला, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरकडे जावे. फरक त्याहून कमी असला तरी दुखणे आणि ऊब राहिली, तर डॉक्टरला दाखविण्यात चालढकल करू नये. आणि त्याबरोबर दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर मोजपट्टी शोधण्यातही वेळ घालवू नये.